कूलरसमोरचा टीव्ही

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेनं ठरवलं की ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचा, आणि तो आणायचा २२ तारखेपासून. म्हणजे ऐन घटस्थापनेला. मधल्या दिवसांत पितृपक्ष. एरवीही त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी मोठी खरेदी करत नाही. तेव्हा तर सरकारनंच थांबा म्हटल्यासारखं झालं. नागपुरात सीताबर्डीत आणि सदरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतले सेल्समन माश्या मारत बसले होते, आणि बावीस तारखेला त्याच दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. दहा टक्के वाचले, असं जो तो सांगत होता. १२८ चे ११८ झाले म्हणजे शंभरामागे पुरते आठ रुपयेही कमी होत नाहीत, हा हिशेब मी नवऱ्याला गर्दीतच सांगायला लागले तर तो म्हणाला, "घरी सांग."

आमच्या जुन्या टीव्हीच्या पडद्यावर पावसाळ्यातच उभ्या रेघा आल्या होत्या. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला: रेघा आल्या म्हणजे पॅनेल गेलं, आणि पॅनेल बदलायचं तर त्यापेक्षा नवा घ्या. बघायलाही आला नाही. एके काळी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस सोल्डरिंगची बंदूक घेऊन घरी यायचा, मागचं झाकण काढायचा, आम्हा पोरांना लांब उभं करायचा आणि चहा पिऊन जायचा. आता टीव्हीला मागचं असं काही उरलेलंच नाही.

दुकानात गेलो ते चौघं. नवऱ्याच्या डोक्यात ६५ इंच पक्कं. मुलगी फोनवर परीक्षणं वाचत, समोरच्या टीव्हीकडे न बघता त्याच्यातली खोट सांगत होती. सासूबाई एसीखालच्या खुर्चीवर. आणि समोर टीव्हींची भिंत. सगळ्या पडद्यांवर एकच चित्रफीत: मध ओघळतोय, मोर पिसारा फुलवतोय, रंगांची पूड हवेत उडतेय. चित्रं अशी झगझगीत की डोळ्यांत पाणी यावं. दुकानातले टीव्ही मुद्दामच तसे लावलेले असतात; ट्यूबलाइटच्या उजेडात शेजारच्यापेक्षा उठून दिसलं नाही तर कोण विकत घेणार? सेल्समन हिंदीत सुरू झाला. नागपुरात दुकानात शिरलं की दोन्ही बाजूंना चांगलं मराठी येत असूनही बोलणं हिंदीतच सुरू होतं, यावर बऱ्याच सभा झाल्या आहेत आणि त्या सभांचे माइकही हिंदीत बोलूनच भाड्यानं आणलेले असतात. "सर, ये कलर देखो. ब्लॅक देखो कितना ब्लॅक है."

सासूबाई उठून आल्या. "दादा, याचा आवाज ऐकवा ना."

तो गोंधळला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या भिंतीवर एकही टीव्ही बोलत नव्हता. सगळे मुके. त्याला रिमोट शोधावा लागला, दुसऱ्या काउंटरवरून मागवावा लागला. "काकू, फोर के है ये."

"ते दिसून राहिलं. बोलतो कसा ते दाखवा."

आवाज वाढवला तर गिटार वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "गाणं नको, बातम्या लावा." मग त्यानं इंटरनेटवर कुठल्याशा मराठी वाहिनीच्या बातम्या लावल्या आणि सासूबाई पाठ वळवून, पडद्याकडे न बघता, त्या गोंगाटात उभ्या राहिल्या. मागे रांग लागली होती. दोन टीव्ही त्यांनी एकाच वाक्यात बाद केले: "हा तोंडातल्या तोंडात बोलतो."

सेल्समनला ते विनोदी वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या घरात टीव्ही पाहिला जातो तो रात्री तासभर, आणि सामन्याच्या दिवशी. बाकी सगळा वेळ तो ऐकला जातो. सासूबाई भाजी निवडतात, वाती वळतात, फोनवर बहिणीशी बोलतात आणि मालिका कानानं चालू असते. कोण आलं, कोण चिडलं, कोणाचं गुपित फुटलं हे पार्श्वसंगीतावरूनच कळतं. मालिका बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असणार, म्हणून तर एकेक वाक्यावर तीनदा ढोल वाजतो. मी स्वयंपाकघरातून पावसाच्या बातम्या ऐकते. नवरा पेपर वाचता वाचता शेअर बाजार ऐकतो. घेताना मात्र आम्ही सगळे डोळे घेऊन जातो आणि कान घरी ठेवतो.

माझी तर टीव्हीशी ओळखच कानानं झाली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं. आमच्या घरापर्यंत ते पोचलं ऐंशीच्या दशकात. सेमिनरी हिल्सवरच्या टॉवरकडे तोंड करून गच्चीगच्चीवर अँटेना उभे राहिले. माझं माहेर सदरमधलं. आमचा टीव्ही लाकडी पेटीतला, दोन सरकत्या दारांचा, दारांना कुलूप. पण मला आठवतो तो त्याचा आवाज. कार्यक्रमांचा नव्हे, त्या पेटीचा स्वतःचा. बटण दाबलं की आधी एक ठप्प, मग पडद्यावर हात फिरवला तर चरचर, हातावरची लव उभी राहायची. आणि मग एक बारीक, सुईसारखी शीळ, टीव्ही चालू असेपर्यंत न थांबणारी. तिचं गणित मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ओळी ६२५, सेकंदाला चित्रं २५, गुणाकार १५,६२५. इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला इतक्या वेळा पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा आणि त्याला पळवणारा आतला ट्रान्सफॉर्मर त्याच पट्टीत गात बसायचा. ही पट्टी लहान मुलांना स्वच्छ ऐकू येते, वय वाढेल तशी येईनाशी होते. दादा परीक्षेच्या दिवसांत आवाज पार बंद करून, दिवे घालवून टीव्ही पाहायचा आणि मी जिन्यातूनच आईला सांगायचे, टीव्ही चालू आहे. आई दाराला कान लावायची, तिला काही ऐकू यायचं नाही. हिला समजतं कसं, हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही आणि दादानं मला बरेच दिवस माफ केलं नाही.

त्या काळातला टीव्ही मुळात कानावरच जगायचा. चित्र धड नसायचं. मुंग्या यायच्या, वर वर सरकायचं, अँटेनावर कावळा बसला की दोन नायिका दिसायच्या. आवाज मात्र एरवी ठणठणीत असायचा. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेली दूरदर्शनची ती धून सुरू झाली की गल्लीत खेळणारी पोरं घराकडे वळायची, पडदा पाहून नव्हे. २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत' सुरू झालं, त्यातलं सगळ्यांत मोठं पात्र तर फक्त आवाजच होतं. समय. हरीश भिमाणींच्या आवाजाला ना चेहरा ना मुकुट, आणि रविवारी सकाळी त्याच्यापुढे सगळं नागपूर गप्प.

आणि एक दिवस मी एकच आवाज दोनदा ऐकला. ३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार, विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड सामना, आमच्याच सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर. तिकिटं बाबांना मिळाली नव्हती, त्यामुळे अर्धी सदर आमच्या पुढच्या खोलीत. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफील्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले; विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. मग गावसकर. ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं एकमेव शतक, आणि तेही आपल्या गावात. प्रत्येक वेळी खोलीत आधी टीव्हीतला गलका व्हायचा आणि तो जरा ओसरतो न ओसरतो तोच उघड्या खिडकीतून खरा गलका यायचा, लांबून, जाडसर. मैदान घरापासून किलोमीटरभर. हवेतून एवढं अंतर चालत यायला आवाजाला तीन सेकंद लागतात. रेडिओलहरीला मात्र थेट उपग्रहापर्यंत, ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परत यायलाही पाव सेकंद पुरतो. म्हणजे टीव्ही खऱ्याच्याही आधी बोलत होता. माझी आजी खिडकीचा गलका ऐकून विचारत होती, "आणखी एक आऊट झाला का गं?"

आता हे उलट झालंय. फोनवरचं ॲप टीव्हीवर लावून सामना पाहायचा तर तो बऱ्याच सेकंदांनी शिळा होऊन येतो. शेजारच्या पाटलांकडे डिश आहे. आमचा गोलंदाज अजून धावतच असतो आणि भिंतीपलीकडून आरोळी येते. मग आमच्याकडे सगळे शांतपणे विकेट पडायची वाट बघतात. यावर उपाय एकच, पाटलांशी वैर, आणि ते परवडणारं नाही. पाणी नसलं की त्यांच्याच बोअरचं घ्यावं लागतं.

टीव्ही ऐकण्यातली आमची खरी अडचण वेगळीच, आणि ती कळायला नागपूरबाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. इथल्या हॉलमध्ये पहिला मान कूलरचा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, स्टँडवर पत्र्याचा कूलर, तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाणी आणि आत खोलीत फक्त जाळीमागचा पंखा. तो एकदा खिडकीत बसला की हॉल त्याच्याभोवती मांडला जातो. दिवाण झोताच्या वाटेत पाहिजे. सोफा त्याच्या कडेला. कूलरच्या भिंतीवर ओल धरते आणि खिडकीच्या उजेडामुळे तिथं टीव्ही दिसतही नाही, म्हणून टीव्ही समोरच्या भिंतीवर. म्हणजे पाहणारा माणूस मधोमध: डोक्यामागे कूलर, पायांकडे टीव्ही. २३ मे २०१३ ला नागपुरात सोनेगावला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं; एरवीही मे महिन्यात ४४-४५ झालं की आम्ही त्याला नेहमीचा उन्हाळा म्हणतो. मार्चअखेरपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत कूलर दुपारी लावायचा तो रात्री कधीतरी बंद. बेडरूममध्ये एसी आले, हॉलमध्ये मात्र अजून कूलरच. सासूबाईंचे सांधे एसीत दुखतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दार उघडं ठेवायचं तर एसी लावून काय उपयोग.

कूलरचा आवाज हा आवाज नसतोच, तो हॉलमधल्या हवेचा भाग असतो. बंद झाल्यावर कळतं की चालू होता. तो सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरतो आणि त्यात बोलण्यातले बारीक भाग आधी बुडतात. स्वर तगतात, कारण आ, ओ, ए यांत दम असतो. स, श, त, क, थ हे नाजूक, उंच पट्टीतले. नेमकं वय झालं की कानही याच पट्टीपासून उतरायला लागतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो पण शब्द येत नाही. टीव्ही मोठा करून भागत नाही. मोठा केला की 'आ'च मोठा होतो. हे घरातल्या तरुण मंडळींना पटवणं अवघड. त्यांना वाटतं, आजीला ऐकू कमी येतं. आजी म्हणते, तो नीट बोलत नाही. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे.

आणि नवे टीव्ही खरोखरच नीट बोलत नाहीत. जुन्या पेटीला पोट होतं, त्यात मोठा स्पीकर मावायचा, तोंड समोर. आता बोटभर जाडीच्या पत्र्यात चपटे स्पीकर बसवायचे आणि काचेच्या चारी बाजूंना काठ दिसता कामा नये, म्हणून त्यांची तोंडं खाली किंवा मागे. ज्या स, श, त, क साठी आपण जीव टाकतो ते थेट मागच्या भिंतीवर जाऊन आपटतात. चित्राच्या बाबतीत आपण कुठच्या कुठे आलो: १९२० गुणिले १०८० वरून ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके. ठिपके मोजायला सगळे तयार. सबटायटल्सचा तरी आधार असावा, तर मराठी मालिकेला मराठी अक्षरं खाली मिळणं दुर्मीळच. इंग्रजी सिनेमाला मात्र कुठली भाषा हवी ते विचारतात.

दुकानातला तंटा शेवटी मुलीनं मिटवला. ६५ आणि ५५ इंचांच्या किमतीत जो फरक आहे, त्यात बरा साउंडबार येतो, हे तिनं फोनवर गुणाकार-भागाकार करून दाखवलं. नवऱ्याचं तोंड जरा उतरलं. सासूबाईंनी साउंडबार बोलून दाखवायला लावला, बातम्याच लावून, आणि मग मान हलवली. "हा बोलतो."

बसवायला आलेला मुलगा कळमन्याहून आला होता, चटपटीत. ५५ इंच म्हणजे चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच. आमच्या भिंतीवर नेमक्या त्या जागी शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर. "महाराजांना वरती घेऊ का जी? खाली टीव्ही, वरती महाराज, मस्त दिसते." दिसायला बरं दिसलं असतं. पण दिवाणावर आडवं पडून टीव्ही बघायचा म्हणजे पाय टीव्हीकडे, म्हणजेच महाराजांकडे. सासूबाईंनी हे न बोलता दिवाणाकडे नुसतं बोट दाखवलं आणि मुलाला लगेच समजलं. "हाव जी, ते नाही चालणार." महाराज पूर्वेच्या भिंतीवर गेले, त्यांच्याबरोबर सासऱ्यांचा फोटोही. तिथं एक जुना खिळा होता, तो कधी आणि कशासाठी ठोकला होता ते कोणालाच आठवेना.

मग उंची. तो म्हणाला, सगळे वरतीच लावतात. लावतात खरे, तसबिरींची जागा टीव्हीला देताना तसबिरींची उंचीही देऊन टाकतात आणि मग माना दुखतात. मी त्याला दिवाणावर बसवलं आणि तिथून बघायला सांगितलं. टीव्ही दीड वीत खाली आला. भोक पाडण्याआधी त्यानं कालच्या पेपरचा एक तुकडा दुमडून खणासारखा केला आणि टेपनं भिंतीला चिकटवला, भुकटी पडायला. आधी पांढरी भुकटी पडली, मग राखाडी, मग लाल. "वीट लागली. आता हत्ती लटकवा." गिट्टी ठोकली, स्क्रू आवळले, दोघांनी मिळून टीव्ही कडीत अडकवला आणि त्यानं वर फोन ठेवून पातळी दाखवली: शून्य. सासूबाई म्हणाल्या, "डावीकडे उतरलाय." फोन पुन्हा ठेवला. शून्यच. मग कळलं, टीव्ही सरळ होता, वरचा बीम तिरका होता. पंचवीस-तीस वर्षं कोणाला दिसला नव्हता. खाली चार फुटांची सरळ रेघ आल्यावर दिसायला लागला. पृथ्वीशी इमान राखायचं की बीमशी, यावर थोडा विचार झाला. बीमशी राखलं. फोनच्या म्हणण्यानुसार आमचा टीव्ही आता किंचित वाकडा आहे.

पहिल्या रात्री चित्र दुकानातल्यासारखंच झगझगीत होतं, सगळ्यांचे गाल डाळिंबासारखे. मी सेटिंगमध्ये जाऊन सिनेमावालं चित्र लावलं, आणि सेकंदाला २४ चित्रांच्या सिनेमात मधली चित्रं स्वतःच्या मनानं घुसवून त्याची मालिका करून टाकणारी सोयही बंद केली. सासूबाईंनी एक नजर टाकली. "याला कावीळ झाली का गं?" दोन दिवसांत डोळे सरावले. जुनं 'महाभारत' लागलं तर पितामह भीष्म आडवे सुटलेले. चारास तीनचं चित्र सोळास नऊमध्ये ताणलं की माणूस एक तृतीयांशानं जाड होतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून त्यांना मूळ प्रकृतीवर आणलं. नवऱ्याला ते पट्टे म्हणजे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मधूनमधून भीष्म पुन्हा सुटतात, ते त्याच्यामुळे.

टीव्हीवर काय पाहिलं जातंय याची नोंद कंपनीकडे पाठवण्याची परवानगीही सेटिंगमध्येच एका कोपऱ्यात 'होय' करून ठेवलेली होती, ती काढली. रिमोटला माइक आहे, तो मात्र ठेवला, कारण सासूबाईंना आवडला. बटण दाबून त्या मराठीत आरती मागतात, टीव्ही भलतंच काहीतरी काढतो, मग त्या दुकानातल्यासारख्या हिंदीत मागतात आणि मिळते.

राहिला उन्हाळा. ऑक्टोबरात साउंडबार स्पष्ट बोलतो, अगदी स्वयंपाकघरापर्यंत. पण कूलरला झाकण घातलेलं असताना कोणीही बोलेल. सासूबाईंचं म्हणणं, एवढा टीव्ही बसवला तो हलवायचा नाही, कूलर हलवा. बाजूच्या खिडकीत नेला तर झोत दिवाणावर येईल आणि आवाज कानामागे येणार नाही. विचार बरोबर आहे. पण त्या खिडकीची ग्रिल कापायला हवी, नवा स्टँड हवा, पाण्याचा पाइप तिकडून फिरवायला हवा आणि तो स्टँड पाटलांच्या बोळात फूटभर येणार, म्हणजे आधी पाटलांना विचारायला हवं. सासूबाई संध्याकाळी चिवडा घेऊन गेल्या आणि परवानगी घेऊन आल्या. ग्रिलवाला माप घेऊन गेलाय. पाडव्याच्या आत नक्की करून देतो म्हणाला, ॲडव्हान्सही घेतला. दिवाळीचा की गुढीपाडवा, ते त्यानं सांगितलं नाही.